पापाकुरातला नन्नाचा पाढा

न्यूझीलंडमध्ये मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना ‘नाही’ म्हणायला शिकवण्याची नोकरी केली. हे वाचून हसू आलं असेल, तर गेल्या आठवड्यात नको असताना आपण कशाकशाला ‘हो’ म्हणालो ते आधी आठवून पाहावं. मग खुशाल हसावं.

तिथल्या आमच्या मराठी मंडळात सगळ्यांची समजूत अशी, की मी ‘स्पेशल मुलांच्या’ शाळेत आहे. माझी ‘मुलं’ चाळिशी-पन्नाशीची होती. एकाला तर नातू होता. पुण्याहून सासूबाई फोनवर दर वेळी काळजीने विचारायच्या, ‘ती माणसं मारत नाहीत ना गं तुला?’ मारत नाहीत, आई. डोकं खातात.

मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिथे आयटीत नोकरी लागली म्हणून आम्ही गेलो. पापाटोएटो नावाच्या उपनगरात घर घेतलं. मी पुण्यात दहा वर्षं शाळेत शिकवलं होतं, पण माझं बी.एड. तिथे चालेना. शेवटी जवळच्याच पापाकुरातल्या एका संस्थेत काम मिळालं. स्टेशनपासून चालत जाता येईल असा एक जुना हॉल, त्याला जोडून छोटं स्वयंपाकघर आणि बाहेर संस्थेची व्हॅन. हॉलमध्ये दिवसभरासाठी अशी माणसं यायची, ज्यांची बुद्धीची वाढ जन्मापासून कमी होती आणि त्यावर आणखी एखादा मनाचा आजारही होता. नुसती बुद्धी कमी असली तर सरकारचं एक खातं, नुसता मनाचा आजार असला तर दुसरं. दोन्ही असलं की दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवणार, आणि माणूस आमच्याकडे येणार.

मी शिकवायचे ते ‘सोशल स्किल्स’. रांगेत उभं कसं राहायचं, बोलताना समोरच्यापासून किती लांब उभं राहायचं, डेअरीत म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन दूध कसं मागायचं, फोन एकदम न आपटता आधी बाय कसं म्हणायचं. त्यात काय शिकवायचं, असं मंडळातल्या बायका विचारायच्या. आपल्याला हे कोणी शिकवलं ते आठवत नाही, म्हणून तसं वाटतं. ज्याला ते आपोआप येत नाही, त्याच्यासाठी साध्या ‘एक्सक्यूज मी’चेही तुकडे पाडावे लागतात. आधी थांब. मग समोरच्याचं बोलणं संपतंय का बघ. मग बोल. मी करून दाखवायचं, मग त्यांनी एकमेकांबरोबर नाटक करायचं, मग शाबासकी, आणि सगळ्यात शेवटी बाहेरच्या खऱ्या जगात. बाहेर गेलं की निम्मं विसरायचं. उरलेलं निम्मं इतकं तंतोतंत लक्षात राहायचं की त्याचाच ताप व्हायचा.

उदाहरणार्थ आल्बी. चाळिशीचा, सहा फुटी, प्रेमळ, ग्रुप होममध्ये, म्हणजे अशा पाच-सहा जणांना एकत्र सांभाळणाऱ्या घरात राहणारा. एकदा मी शिकवलं की अनोळखी माणसाशी हाताच्या अंतरावरून बोलायचं. पुढच्या आठवड्यात सुपरमार्केटमध्ये तो आपला लांबलचक हात सरळ पुढे धरून चालत होता, आणि मधे येणाऱ्या बाईला शांतपणे सांगत होता की तुम्ही माझ्या हाताच्या आत आलात. मॅनेजरची समजूत मी घालायची. आल्बीची चूक काय, तर त्याने माझं ऐकलं होतं.

पण मला सांगायचंय ते नोलीनबद्दल.

नोलीन पन्नाशीची, बुटकी, पांढऱ्या केसांची. बारा महिने तोच जांभळा स्वेटर आणि पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर. लहान असतानाच तिला घरच्यांनी एका मोठ्या संस्थेत नेऊन ठेवलं होतं. अशा संस्था तेव्हा गावाबाहेर असायच्या. ती संस्था बंद झाली तेव्हा नोलीन बाहेर आली, ती केस पांढरे व्हायला लागल्यावर. आधी ग्रुप होम, आणि मग खूप खटपटीनंतर स्वतःचं म्हणता येईल असं, भाड्याचं एक युनिट. एक खोली, छोटं किचन, पुढे हातभर गवत. त्या घराची किल्ली ती गळ्यात घालायची, आणि बोलता बोलता मधेच ती आहे ना म्हणून चाचपून पाहायची.

तिला एकच उत्तर येत होतं. ‘यस, प्लीज.’ चहा हवा का? यस, प्लीज. चहा की कॉफी? यस, प्लीज. नोलीन, तू माझ्या पायावर उभी आहेस का? यस, प्लीज. सुरुवातीला मला ते गोड वाटलं. महिन्याभराने माझ्या डोक्याची शीर उडायला लागली. तिला काय हवंय, काय नको, काय दुखतंय, काही म्हणजे काही कळायचं नाही. एकदा मी वैतागून विचारलं, की तू कधी कोणाला नाही म्हणालीच नाहीस का? ती म्हणाली, म्हणाले होते, तिकडे, लहान असताना. मग त्यांनी मला आत ठेवून दार लावून घेतलं. एवढंच सांगून तिने समोरची बिस्किटं एकावर एक रचायला घेतली. त्यानंतर मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

एका हिवाळ्यात नोलीन वर्गात बसल्या बसल्या झोपायला लागली. स्वेटरवर कुत्र्याचे केस. तिच्याकडे कुत्रा नव्हता. विचारलं तर म्हणाली, माझी मैत्रीण आलीये. मला आनंद झाला. मैत्रीण असणं ही आमच्या कामात फार मोठी गोष्ट. जॅनलाही झाला. जॅन आमची को-ऑर्डिनेटर, साठीकडे झुकलेली, मनाने चांगली आणि कायम थकलेली. ‘स्वीट ऍज,’ ती म्हणाली. सगळं ठीक असलं की तिचं हे ठरलेलं.

मग एका सकाळी नोलीनला घ्यायला मी व्हॅन घेऊन गेले आणि आत डोकावले. नोलीनच्या पलंगावर एक तिशीतली बाई दोन कुत्र्यांसह झोपली होती. सोफ्याच्या उशा किचनच्या फरशीवर ओळीने मांडलेल्या. नोलीन तिथे झोपत होती. ऑगस्टच्या, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातल्या थंडीत, फ्रिजच्या पायाशी.

ती बाई म्हणजे ट्रेसी. बसस्टॉपवर ओळख झाली होती. एका रात्रीसाठी राहू का, असं ट्रेसीने विचारलं, आणि नोलीनने काय उत्तर दिलं असेल ते सांगायला नको. ट्रेसी वाईट होती असं मला आजही म्हणता येत नाही. ती स्वतः बेघर होती, आधी गाडीत झोपायची. मला म्हणाली, मीच बघते हिच्याकडे. आणि खरंच तिने नोलीनची नखं गुलाबी रंगवली होती. नोलीनने दोन्ही हात पसरून मला दाखवली. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी तिची नखं रंगवली असणार. पण चहा नोलीनने करायचा, कुत्र्यांची घाण नोलीनने काढायची, आणि फरशीवरही नोलीननेच झोपायचं.

मी तरातरा येऊन जॅनला सांगितलं, बाहेर काढा तिला. जॅनने मोठा श्वास घेतला. म्हणाली, नोलीनचं घर आहे. कोणाला ठेवायचं हा तिचा चॉइस आहे.

हा ‘चॉइस’ शब्द आमच्या खात्याचा देव होता. उठता बसता चॉइस. तत्त्व चांगलंच आहे. या माणसांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांनी ठरवलं होतं, आता त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं. पण जिला एकच उत्तर येतं, तिचा चॉइस कसला? मी भांडले. शेजाऱ्यांनी कुत्र्यांच्या भुंकण्याची तक्रार केली तेव्हा पोलीसही येऊन गेले. त्यांनी नोलीनला विचारलं, ही तुझी मैत्रीण आहे का? यस, प्लीज. तिला इथे राहू द्यायचंय? यस, प्लीज. ते गेले. त्यांनी उलटं विचारलं असतं, तरी तिने हेच सांगितलं असतं.

मग घराची मालकी असलेल्या ट्रस्टचं पत्र आलं. युनिट एका माणसासाठी आहे, कुत्रे चालणार नाहीत, हे बदललं नाही तर घर काढून घ्यावं लागेल. घर गेलं असतं तर नोलीनला परत ग्रुप होममध्ये जावं लागलं असतं. इतर पाच जण, ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेल्या वेळी अंघोळ, आणि दाराची किल्ली दुसऱ्याकडे. ट्रस्टने सांगितलं, आम्ही येऊन नोलीनशी बोलू. तिला पाहुणी नको असेल तर तिने तसं सांगावं, पुढचं आम्ही बघू. तिच्या वतीने दुसऱ्या कोणी बोललेलं चालणार नाही.

म्हणजे नोलीनला ‘नाही’ यायला हवं होतं, आणि तेही लवकर.

मी वर्गातलं बाकी सगळं बाजूला ठेवलं आणि नन्नाचा पाढा घेतला. ताठ उभं राहा, समोरच्याकडे बघ, ‘नो, थँक यू’ म्हण, आणि गप्प बस, कारण देऊ नकोस. आल्बीला पहिल्या दिवशी आलं. नोलीनला काही केल्या येईना. मला वाटलं, तिला खरोखर नकोशी वाटेल अशी वस्तू द्यायला हवी. मी कच्चा कांदा आणि जॅम घालून सँडविच केलं. तिने खाल्लं. पावावर इंचभर मार्माइट लावलं, तो काळा खारट लेप. तेही खाल्लं. शेवटी पापाटोएटोच्या भारतीय दुकानातून कारली आणली, मीठ लावून न पिळता तशीच कडू भाजी केली आणि डबा घेऊन गेले. घरी सईने, माझ्या मुलीने, वासानेच नाक मुरडून ‘नो वे, आई’ म्हटलं होतं. म्हणजे जे मी पगार घेऊन शिकवत होते, ते माझ्या घरात फुकट मिळत होतं.

नोलीनने कारलं तोंडात घातलं. डोळ्यांत पाणी आलं. गिळलं. ‘लव्हली,’ म्हणाली. आणखी हवं का, म्हटलं. यस, प्लीज.

मी कपाळाला हात लावला. आल्बीला मात्र कारलं मनापासून आवडलं आणि तो दर आठवड्याला मागायला लागला. मिलिंद म्हणायचा, तुमच्या संस्थेने तुला शिकवायला ठेवलंय की डबे पुरवायला?

त्याच सुमारास एकदा मधल्या सुट्टीत मंडळाच्या कुलकर्णी काकूंचा फोन आला. दिवाळीच्या कार्यक्रमाला दोनशे माणसं आहेत, चकल्यांचं तेवढं तू बघशील ना? मी म्हटलं, अहो काकू, नोकरी, घर, बघते, जमवते, नाही, तसं काही नाही, करते की. फोन ठेवला तर नोलीन समोर उभी. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पण ती म्हणाली, तू फोनवर मान हलवत होतीस. तू यस म्हणालीस. मग पहिल्यांदाच मला ती मोठ्याने हसताना दिसली. मला त्या वेळी अजिबात हसू आलं नाही. दोनशे माणसांच्या चकल्या होत्या.

पण का कोण जाणे, त्यानंतर काहीतरी हललं. पुढच्या वेळी मी डबा उघडला तेव्हा नोलीन बराच वेळ कारल्याकडे पाहत राहिली. किल्ली चाचपली. आणि जमिनीकडे बघत अगदी हळू म्हणाली, ‘नो, थँक यू.’ सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. ती घाबरून दाराकडे बघत होती. दार उघडंच होतं. मी मुद्दाम उठून ते आणखी सताड उघडलं.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण पाढा सगळ्या वर्गाला पाठ झाला होता. एकाने अंघोळीला नो, थँक यू म्हटलं. एकीने व्हॅनमधून उतरायलाच नो, थँक यू म्हटलं आणि मी तिच्याशेजारी अर्धा दिवस बसून राहिले. आणि आल्बीने सकाळच्या गोळ्या नाकारल्या. एक दिवस नाही, रोज. ग्रुप होममधून जॅनला फोन, जॅनकडून मला बोलावणं. असं कसं शिकवतेस, म्हणाली. त्याला गोळ्या मिळाल्या नाहीत तर तो पुन्हा हॉस्पिटलमध्ये जाईल. तुझा तो वर्ग बंद कर.

मी म्हटलं, का, हा त्याचा चॉइस नाही का?

तिने उठून पाणी ठेवलं. मग आम्ही दोघी चहा घेऊन बसलो, कारण दुसरं काय करणार. ठरलं असं, की ‘नाही’ म्हणता येईल, पण मग ‘का’ हेही कोणीतरी विचारायचं. हे ‘का’ शिकवायचं होतं ते आमच्या मुलांना नव्हे, कर्मचाऱ्यांना. आल्बीला विचारलं तर म्हणाला, सकाळची गोळी घेतली की वर्गात झोप येते, आणि मला वर्ग आवडतो. डॉक्टरांनी गोळी संध्याकाळवर टाकली. दहा मिनिटांचं काम. वर्षानुवर्षं तो वर्गात पेंगत होता, आणि आम्ही ते त्याच्या स्वभावात धरत होतो.

मग ट्रस्टचा दिवस उजाडला.

दुपारी नोलीनच्या युनिटमध्ये आम्ही सगळे कोंबून बसलो. जॅन, मी, ट्रस्टची एक तरुण, नीटनेटकी बाई, सोफ्यावर कुत्र्यांमध्ये ट्रेसी, आणि किचनच्या दाराशी उभी नोलीन. मला ताकीद होती की एक शब्द बोलायचा नाही, खूण करायची नाही. आदल्या दिवशी आम्ही शेवटची तालीम केली होती. ट्रेसीला इथे राहू द्यायचंय का? नो, थँक यू. पुन्हा. नो, थँक यू. पक्कं झालं होतं.

ट्रस्टच्या बाईने अतिशय प्रेमळ आवाजात विचारलं, ‘नोलीन, आम्हाला फक्त समजून घ्यायचंय. ट्रेसीने यापुढे इथे न राहण्याबद्दल तुला बरं वाटेल का?’

असा प्रश्न मला कोणी विचारला असता तर मीही गोंधळले असते. नोलीन ताठ उभी राहिली. बाईच्या डोळ्यांत पाहिलं. मी शिकवलेलं सगळं अगदी पुस्तकात असावं तसं केलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, ‘नो, थँक यू.’

मग शिकवल्याप्रमाणे गप्प बसली.

 इतक्या तालमींनंतर एक ‘नाही’ आलं, आणि तेही चुकीच्या प्रश्नाला, म्हणजे ट्रेसी राहणार. मी जॅनकडे पाहिलं. जॅन श्वास घेत होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, हाच प्रश्न जरा सोप्या शब्दांत विचाराल का? बाई माझ्याकडे वळली आणि तितक्याच प्रेमाने म्हणाली, तिने फार स्पष्ट उत्तर दिलंय, तुम्ही तिच्या तोंडी शब्द घालू नये. आणि लिहायला लागली. मला तिच्या हातातलं पेन ओढून घ्यावंसं वाटलं. त्या क्षणी मला सगळ्यांचा राग आला होता. प्रश्नाचा, चॉइसचा, जॅनच्या श्वासाचा, आणि खोटं कशाला बोलू, नोलीनचाही.

ट्रेसी सुटल्यासारखी हसली. पाय पसरून म्हणाली, ‘गुड ऑन यू, नोल्स. चल, पाणी ठेव चहाला, सगळ्यांना कर.’

नोलीन हलली नाही.

‘नोल्स. चहा.’

‘नो, थँक यू,’ नोलीन म्हणाली.

ट्रेसीला वाटलं गंमत आहे. ‘अगं, जा की.’

‘नाही. किटली माझी आहे.’  तिने एका हातात किल्ली घट्ट धरली होती. ‘पलंग माझा आहे. मला पलंगावर झोपायचंय. खाली थंडी वाजते. तू जा.’

थँक यू म्हणायचं ती विसरली होती. ट्रस्टच्या बाईचं लिहिणं थांबलं. कुत्रेसुद्धा कान टवकारून बसले.

ट्रेसी आम्हा तिघींकडे पाहून म्हणाली, हे तुम्ही हिला पढवलंय. उत्तर द्यायला माझं तोंड उघडलं होतं, पण त्याआधीच नोलीन बोलली.

‘नो,’ म्हणाली.

बाईने आधी लिहिलेलं खोडलं आणि या वेळी सरळ विचारलं, ट्रेसीने जावं असं तुला वाटतं का? नोलीन म्हणाली, यस. प्लीज न लावता. आणि मग तिथेच किचनच्या फरशीवर बसून ती रडायला लागली. दोन कुत्र्यांपैकी म्हातारा होता तो उठून तिच्याजवळ गेला. आमच्यापैकी कोणी जायच्या आधी.

आठवड्याभरात ट्रेसी गेली. जॅनने कित्येक ठिकाणी फोन करून तिला आणि कुत्र्यांना दोघांनाही घेईल अशी जागा शोधून दिली. ते जॅनचं काम नव्हतं. त्याबद्दल मी तिच्यावरचा बराचसा राग सोडला. नोलीनचं घर राहिलं. मंडळात ही हकिकत मी रंगवून सांगितली आणि वाहवा मिळवली.

पुढचं मात्र मी तिथे सांगितलं नाही. पलंग परत मिळाल्यावर नोलीन आजारी पडली. जेवेना, वर्गात येईना, मनाच्या आजारामुळे तिला जे आवाज ऐकू यायचे ते वाढले. एकदा मला ती त्या बसस्टॉपवर बसलेली दिसली. बस येत होत्या, जात होत्या, ती चढत नव्हती. मी शेजारी जाऊन बसले. ती म्हणाली, घरात कोणाचाच आवाज नाही. नखांवरचा गुलाबी रंग निम्मा उडाला होता आणि उरलेला ती खरवडू देत नव्हती. ‘नाही’ शिकवायला माझ्याकडे पायऱ्या होत्या. ज्याला ‘हो’ म्हणावं असं कोणी आणून द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मैत्री कशी करावी यावर मी नंतर आठ-दहा तास घेतले. ते साफ फसले. सगळे एकमेकांना ‘हॅलो, तुझा छंद काय?’ विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आत निघून जायचे.

दिवाळीत मी नोलीनला घरी आणलं. चकल्या आवडल्या तिला. पण सई तिच्याशी सभ्यपणे बोलून आपल्या खोलीत गेली, मिलिंदने हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि तिला परत सोडताना माझ्या लक्षात आलं, की आम्ही तिच्याशी चांगलं वागत होतो, बस्स. ते तिलाही कळलं असावं.

त्यानंतर उन्हाळा गेला. ती हळूहळू सावरली, वर्गात पुन्हा यायला लागली. बाकीच्यांसारखीच कधी ऐकायची, कधी पेंगायची. मी दुसरे धडे घेतले, दुसऱ्या कटकटी निघाल्या.

एका गुरुवारी पावसाची भुरभुर होती. व्हॅन भरलेली, उशीर झालेला. मी नोलीनच्या दारावर टकटक केलं. तिने दार अर्धं उघडलं. केसांना रोलर लावलेले, अंगावर जांभळ्याऐवजी एक निळा ब्लाऊज.

‘नोलीन, चल, उशीर झालाय.’

‘नो, थँक यू,’ ती म्हणाली. ‘आज हाउझी आहे.’

हाउझी म्हणजे आपला तंबोला. आकडे पुकारायचे, तिकिटावरचे खोडायचे. कोपऱ्यावरच्या चर्चच्या हॉलमध्ये म्हाताऱ्या बायकांचा चालतो, असं मला नंतर कळलं. कुत्र्यांची तक्रार करणारी शेजारीणच तिला एकदा सोबत घेऊन गेली होती. यात माझा, जॅनचा किंवा आमच्या खात्याचा काडीचाही हात नव्हता.

मी म्हटलं, हाउझी दुपारी असेल, वर्ग सकाळी आहे. दोन्ही जमेल. हजेरी कमी झाली की जॅन माझ्या नावाने ओरडते, हेही सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, केस वाळायला वेळ लागतो. आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. नीट, हलक्या हाताने लावलं, जसं मी शिकवलं होतं.

मी पावसात उभी. राग आला होता, खरंच आला होता. इतकी वर्षं हिच्यासाठी एवढं केलं, आणि दोन मिनिटं बाहेर ताटकळत ठेवून ही मला कटवते. पुन्हा टकटक करायला हात वर गेला होता. तो मी खाली घेतला आणि गाडीत येऊन बसले.

‘नोलीन कुठेय?’ मागून आल्बीने विचारलं.

‘येत नाहीये. ती बिझी आहे,’ मी म्हटलं.

व्हॅनमधल्या सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आमच्या वर्गातलं कोणी आजारी असायचं, हॉस्पिटलमध्ये असायचं, रुसलेलं असायचं. बिझी कोणी कधीच नसायचं. त्यांच्यापाशी वेळच वेळ असतो, हे आम्ही सगळ्यांनी, मीसुद्धा, गृहीत धरलं होतं.

आल्बीने बराच विचार केला. मग म्हणाला, ‘बिझी आपण कधी शिकणार?’

 मी काच पुसली आणि व्हॅन सुरू केली.